देखभालगृहातील आई आणि घरच्यांकडे उरणारे काम

इंदुरात एखाद्या मराठी घरातली वृद्ध स्त्री देखभालगृहात राहायला गेली की दोन दिवसांत रामबागेपासून सुदामानगरापर्यंत एक वाक्य फिरते: ‘आईला आश्रमात टाकलं.’ या वाक्यातले ‘टाकलं’ हे क्रियापद मला फार निष्ठुर वाटते, कारण त्यात असे गृहीत धरलेले असते की दारात गाडी थांबली, सामान उतरले आणि मुलांचा संबंध संपला. माझी आई बायपासच्या पलीकडच्या एका देखभालगृहात दोन वर्षांपासून राहते आहे. आमचा संबंध संपला नाही, मात्र आमचे काम बदलले, आणि ते नेमके कसे बदलते हे आधी कोणी समजावून सांगितले असते तर पहिले सहा महिने आम्ही इतके चाचपडलो नसतो. म्हणून हे लिहिते आहे.

कायदासुद्धा हा फरक ओळखतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा २००७ सालचा कायदा ज्येष्ठ माणसाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी नेऊन ठेवणे हा गुन्हा मानतो आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगतो. येथे महत्त्व हेतूला आहे. चोवीस तास लक्ष देणे एका-दोघांच्या हातून होण्यासारखे राहिलेले नाही हे ओळखून प्रशिक्षित माणसांची मदत घेणे आणि त्यानंतरही जबाबदारी आपल्याकडे ठेवणे, याला सोडून देणे म्हणत नाहीत. आमच्या आईने एका महिन्यात तीनदा गॅस सुरू ठेवला आणि एकदा रात्री दोन वाजता ती शाळेत निघाली, तेव्हा हा निर्णय आम्हाला घ्यावा लागला.

आधी आजाराविषयी थोडे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, हे ‘ताप’ या शब्दासारखे लक्षणांचे नाव आहे आणि त्यामागची कारणे वेगवेगळी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यातले साठ ते सत्तर टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश अनेकदा पायऱ्या उतरल्यासारखा, टप्प्याटप्प्याने वाढतो. लेवी बॉडी नावाच्या प्रकारात माणसाला समोर नसलेली माणसे किंवा प्राणी दिसू लागतात, आणि भ्रम थांबवण्यासाठी दिली जाणारी काही मनोविकाराची औषधे याच प्रकारात फार घातक ठरू शकतात. त्यामुळे आपल्या माणसाला कोणता प्रकार आहे हे न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घेऊन देखभालगृहाच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावावे. भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला आहे. इतका व्यापक आजार ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीखाली आणि ‘म्हातारचळ’ या शब्दाखाली आपल्याकडे वर्षानुवर्षे झाकला गेला, आणि त्यामुळे अनेकांचे निदान उशिरा झाले.

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग सुरुवातीलाच दुखावतो. म्हणून सकाळचा चहा घेतला की नाही हे आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या मुलींची नावे आठवतात. भावनांचे मात्र वेगळे असते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंददायक चित्रफिती दाखवल्या, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चित्रफितीतले फारसे काही आठवत नसतानाही तिने जागवलेली भावना रुग्णांच्या मनात टिकून होती. ‘आपण गेलेलं तिला आठवतच नाही, मग जाऊन काय उपयोग?’ असे मला अनेक भले नातेवाईक विचारतात. त्यांना मी हाच अभ्यास सांगते. भेट विसरली जाते, भेटीने आलेला निवांतपणा काही वेळ तरी राहतो, आणि कोणी रागावून बोलले असेल तर त्याची भीतीही तशीच मागे राहते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. देखभालगृहातल्या दीदी आणि भैया अंघोळ घालू शकतात, औषध देऊ शकतात, कूस बदलू शकतात आणि यांतली बरीच कामे आपल्यापेक्षा चांगली करतात. हा माणूस कोण आहे हे मात्र त्यांना ठाऊक नसते आणि तो स्वतः ते आता सांगू शकत नाही. ते सांगणे हे घरच्यांकडे उरलेले काम आहे. इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोदे येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी या कामाला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. बाहेर हिंदी आणि घरात मराठी अशा दोन भाषांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी अनेकांची मागाहून शिकलेली भाषा या आजारात आधी निसटते आणि लहानपणची भाषा मागे उरते. माझी आई पन्नास वर्षे सराफ्यातल्या दुकानदारांशी अस्खलित हिंदीत घासाघीस करीत असे. आज ती फक्त मराठी बोलते, आणि तिच्या सेवेतल्या मुली धार, झाबुआ, खरगोनकडून आलेल्या, हिंदी बोलणाऱ्या आहेत.

हिंदी आणि मराठी जवळच्या भाषा आहेत, ‘थोडंफार कळतंच’, असे आपण म्हणतो. अडचण नेमकी या जवळिकीतच आहे. मराठीत ‘पाठ दुखते’ म्हटले तर हिंदी बोलणाऱ्या माणसाला धडा आठवतो, कारण त्याची पाठ म्हणजे ‘पीठ’. ‘कळ येते’ यातला ‘ळ’ त्याच्या कानावर ‘ल’ म्हणून पडतो आणि त्याला वाटते की आजी उद्या कोणी येण्याविषयी बोलत आहेत. ‘ऊन पाणी दे’ यात त्याला लोकर ऐकू येते. घाबरलेली वृद्ध स्त्री ‘आई, आई’ अशी हाक मारत असते तेव्हा ऐकणारीला वाटते की त्या कोणीतरी आल्याचे सांगत आहेत, आणि ती ‘हाँ अम्मा, आ गई’ म्हणून निघून जाते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आई दोन दिवस ‘आग होतेय’ म्हणत होती. रात्रपाळीच्या मुलीने प्रामाणिकपणे स्वयंपाकघर तपासले, काही जळत नव्हते, म्हणून तिने वहीत ‘भ्रम, आग दिखती है’ असे लिहिले, आणि त्या नोंदीवरून झोपेचे औषध वाढवण्याची चर्चा सुरू झाली. आईला लघवीच्या जागी आग होत होती. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, प्रतिजैविकाने तो चार दिवसांत आटोक्यात आला आणि आई पुन्हा पूर्वीसारखी झाली. त्या मुलीची यात काही चूक नव्हती. चूक आमची होती, कारण आम्ही तिला आईची भाषा दिलीच नव्हती.

त्या आठवड्यात आम्ही एक कागद तयार केला. डावीकडे आई वापरते ते बत्तीस शब्द, हिंदीभाषक वाचतील तसे लिहिलेले, आणि उजवीकडे त्यांचा हिंदी अर्थ आणि काय करायचे ते. लघवी, शी, कळ, पाठ, आग, ऊन पाणी, नको, पुरे, थंडी वाजते, मळमळते, घाबरायला होतं. हा कागद पलंगाच्या डोक्याशी, औषधांच्या कपाटावर आणि रात्रपाळीच्या वहीत लावला. कर्मचारी सारखे बदलतात, म्हणून दर महिन्याला नव्या मुलीला तो एकदा वाचून दाखवावा लागतो. देखभालगृहात आपले माणूस असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने सर्वांत आधी हे करावे असे मी आग्रहाने सांगेन. फर्निचर, टीव्ही, गादीचा दर्जा यांचा विचार नंतर करता येतो.

हाक मारण्याचे नावही या कागदावर असावे. तिथे सर्वांना ‘माताजी’ किंवा ‘अम्मा’ म्हणतात. आई त्याला ओ देत नसे, म्हणून तिला ऐकू कमी येते असा समज झाला होता. मराठी शाळेत तिने चौतीस वर्षे शिकवले आणि सगळी वस्ती तिला ‘बाई’ म्हणत असे. आम्ही सांगितल्यावर त्या मुली संकोचल्या, कारण इथल्या हिंदीत ‘बाई’ म्हणजे धुणीभांडी करणारी, आणि वयोवृद्ध माणसाला तसे कसे म्हणायचे? मराठीत शाळेतल्या बाई म्हणजे कोण हे त्यांना समजावले, आणि दुसऱ्या दिवशी ‘बाई, चलिए’ म्हटल्याबरोबर आई उठून उभी राहिली. सकाळी दहाच्या सुमारास ती अस्वस्थ होऊन दाराकडे का जाते, तेही त्यातूनच उलगडले. ती शाळेची वेळ होती. आता दहा वाजता तिच्यासमोर दोन वह्या आणि लाल पेन्सिल ठेवतात आणि ती बराच वेळ बरोबरच्या खुणा करीत बसते.

माणसाच्या पूर्वायुष्यातून त्याच्या आजच्या वागण्याचा अर्थ लावण्याची ही पद्धत ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवुड यांनी १९९०च्या दशकात आग्रहाने मांडलेल्या व्यक्तिकेंद्री देखभालीशी जवळची आहे. रुग्णाचे त्रासदायक वाटणारे वागणे बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते, हे त्यातले मर्म. ‘घरी जायचंय’ हे वाक्य प्रत्येक देखभालगृहात रोज ऐकू येते आणि ते ऐकून मुलांच्या काळजात चर्र होते. माझी आई आमच्या घरी असतानाही हेच म्हणत असे, कारण तिला हवे असलेले घर म्हणजे तिच्या माहेरचा वाडा होता, जो आता उभा नाही. ‘हेच तुझं घर’ असे पटवण्याने काही साधत नाही. ‘वाड्यात विहीर होती ना?’ असे विचारले की ती विहिरीविषयी बोलू लागते आणि निघण्याची घाई ओसरते.

तिची आई कुठे आहे असे ती विचारते, तेव्हा पहिल्या काळात मी खरे सांगत असे, की आजी १९७४ साली गेली. प्रत्येक वेळी ती नव्याने रडली, कारण तिच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी नवीनच होती. आता मी विचारते, ‘आजी दिवेलागणीला काय करायची?’ हे असत्य नाही, आणि असत्य बोलावे लागले असते तरी मी ते बोलले असते. याबाबत घरातल्या सगळ्यांचे आणि सेवेतल्या मुलींचे उत्तर एकच असावे, एवढी काळजी मात्र घ्यावी.

दिवेलागणीची वेळ वेगळी सांभाळावी लागते. प्रकाश उतरू लागला की अनेक स्मृतिभ्रंशी रुग्णांची बेचैनी वाढते. थकवा, लांबणाऱ्या सावल्या, शरीराच्या घड्याळाची बिघडलेली लय आणि त्याच सुमारास होणारा पाळीबदल, अशी अनेक कारणे एकत्र येतात. साडेपाचलाच सगळे दिवे लावणे, दुपारची झोप आटोपशीर ठेवणे आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे यांनी फरक पडतो. आमच्याकडे आणखी एक साधन होते. लहानपणी रोज म्हटलेला परवचा, शुभंकरोति आणि पाढे हे घोकून अंगवळणी पडलेले असल्यामुळे खूप उशिरापर्यंत टिकतात. भावाने पुण्याहून स्वतःच्या आवाजात ते ध्वनिमुद्रित करून पाठवले. सहा वाजता फोनवर ते लावले की आई बरोबर म्हणू लागते, आणि ज्या बाईला आज वार कोणता हे सांगता येत नाही तिचा एकोणतिसाचा पाढा चुकत नाही.

भेटीविषयी एक कळकळीची विनंती आहे. पुण्या-मुंबईहून नातलग येतात, पलंगाभोवती अर्धवर्तुळ करून उभे राहतात आणि एकेक जण विचारतो, ‘ओळखलंस का? सांग बरं मी कोण?’ प्रेमापोटी विचारलेला हा प्रश्न त्या माणसासाठी परीक्षा असतो, आणि तीत आपण नापास होत आहोत हे त्याला पुरेपूर कळते. समोरून यावे, बसून डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि आपणच सांगावे, ‘आई, मी तुझी धाकटी.’ एका वेळी दोघांहून अधिक माणसे नसावीत. गप्पांचा विषय संपला तर हातांना काम द्यावे. थंडीत मी मटार घेऊन जाते, इतर वेळी कापूस. डोळे खिडकीबाहेर असले तरी तिची बोटे वाती वळत राहतात. निघताना मोठा निरोप घेऊ नये. जेवणाचे ताट येते त्या वेळी ‘तू जेव, मी जरा येते’ म्हणून उठावे. पहिले काही आठवडे भेटायला येऊच नका, म्हणजे रुग्ण लवकर रुळतो, असा नियम काही ठिकाणी सांगतात. काहींना तो मानवतही असेल, पण सर्वांना सरसकट लावलेला असा नियम मला मान्य नाही. परक्या जागी ओळखीचा एक आवाज रोज ऐकू येणे हाच रुळण्याचा आधार असतो.

खोलीत काय न्यावे याचे उत्तर थोडक्यात देता येते: जुनी गोधडी, रोजचा तांब्या, देव्हाऱ्यातली एक तसबीर आणि तिचे तरुणपणीचे छायाचित्र. स्वतःचा आजचा चेहरा अनेकांना ओळखू येत नाही. आरशातल्या बाईला पाहून आई घाबरत असे, म्हणून आम्ही आरसा झाकला. दाग-दागिने आणि रोकड ठेवू नये.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. या आजारात रंगांतला आणि कडांमधला फरक ओळखणे कठीण होते, त्यामुळे पांढऱ्या ताटलीतला दहीभात दिसतच नाही आणि ‘खात नाहीत’ अशी नोंद होते. बोस्टनमधील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात गडद लाल ताटल्या आणि पेले वापरल्यावर प्रगत अवस्थेतल्या रुग्णांचे खाणे सरासरी २५ टक्क्यांनी आणि पिणे ८४ टक्क्यांनी वाढले होते. अभ्यास अगदी थोड्या लोकांवर झालेला होता, पण एक लाल ताटली घेऊन जाण्यात काहीच धोका नाही. पुढच्या टप्प्यावर गिळण्याची क्रिया मंदावते आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तेव्हा सरळ बसवून, लहान घास देऊन, आधीचा गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. प्रगत अवस्थेत नाकातून किंवा पोटातून नळी घालून भरवल्याने आयुष्य वाढत असल्याचे दिसलेले नाही, आणि अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी अशा वेळी हाताने, सावकाश भरवण्याचाच सल्ला देते. हा निर्णय रुग्णालयात रात्री बारा वाजता घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून भावंडांनी आणि डॉक्टरांनी तो आधीच बोलून ठेवावा.

घरच्यांनी आणखी एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, ती म्हणजे अचानक झालेला बदल. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. कालपर्यंत बोलणारा माणूस आज एकाएकी गुंगीत गेला किंवा फार बडबडू लागला तर तो आजार वाढल्याचा पुरावा नसतो. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, उन्हाळ्यातले निर्जलीकरण, पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार किंवा नुकतेच सुरू झालेले औषध, यांपैकी बहुधा काहीतरी असते आणि त्यातले बरेचसे बरे होणारे असते. झोपेचे किंवा ‘शांत करण्याचे’ औषध सुरू करायचे असेल तर नाव, कारण आणि किती दिवसांसाठी हे तिन्ही विचारावे. मनोविकारावरील अशा औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ सालीच दिला आहे. कधी कधी ती लागतात, पण अपुऱ्या मनुष्यबळाची भरपाई म्हणून ती दिली जाऊ नयेत. म्हणून देखभालगृह निवडताना मी सर्वांत आधी रात्री किती जणांमागे किती माणसे जागी असतात ते विचारते आणि एकदा न कळवता रात्री आठनंतर जाऊन येते.

कागदपत्रांचे एक दुखणे फार उशिरा लक्षात येते. आईने सही केलेले मुखत्यारपत्र आपल्याकडे आहे, आता काळजी नाही, असे अनेकांना वाटते. भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समजण्याची क्षमता गेली की ते पत्र निष्प्रभ होते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते उपयोगाचे राहत नाही. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून निदान झाल्याबरोबर, माणूस अजून समजून सही करू शकत असताना, बँकेतले संयुक्त खाते, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र हे सगळे उरकून घ्यावे. निवृत्तिवेतन असेल तर दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला आता चेहरा ओळखणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवरून खोलीत बसूनही देता येतो. ज्येष्ठांसाठी असलेली १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलिमानस सेवा, हे दोन्ही क्रमांक आम्ही फ्रिजवर लिहून ठेवले आहेत. दुसरा क्रमांक सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, आणि मी तो एकदा स्वतःसाठी वापरला आहे.

बत्तीस शब्दांचा तो कागद आम्ही दर तीन महिन्यांनी नव्याने लिहितो, कारण शब्द कमी होत जातात. दिवाळीत एकोणीस होते, होळीला सात. आई आता दुखते आहे हे सांगू शकत नाही, म्हणून २००३ साली तयार झालेल्या, न बोलू शकणाऱ्या रुग्णांच्या वेदना मोजण्याच्या एका पद्धतीवरून डॉक्टरांनी आम्हाला पाच गोष्टी पाहायला शिकवल्या: श्वास कसा चालला आहे, कण्हणे आहे का, चेहरा कसा आहे, अंग आखडले आहे का आणि हात धरून बोलल्यावर ती शांत होते का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. या महिन्याच्या कागदावर डावीकडे शब्द नाहीत. तिथे ‘भुवया जवळ येतात’, ‘उजवी मूठ आवळते’, ‘भरवताना तोंड वळवते’ असे हिंदीत लिहिले आहे आणि सर्वांत खाली, पहिल्या कागदापासून तसाच राहिलेला एक शब्द आहे: ‘आई’, आणि त्याच्यासमोर, ‘पास बैठिए, हाथ पकड़िए।’